पूजेनंतर कॉम्प्युटर पळायला लागला

"रिपोर्ट नाहीत, याचा अर्थ पार्ट मोजलेच नाहीत," इनामदार सर म्हणाले. "दुसरा काही अर्थ निघत असेल तर सांगा, सातपुते."

मी काय सांगणार? मी नुकता हेल्मेट काढून खुर्चीत टेकलो होतो. तळेगावहून चाकणला येताना सगळा रस्ता कंटेनरच्या मागे धूर खात आलेलो, घोटभर चहासुद्धा पोटात गेला नव्हता. सकाळी सरांचा फोन आला होता, "सर्व्हरवरच्या फाइली कुणी डिलीट केल्यात का ते बघायचंय, लगेच निघा." फाइलींसाठी आलो आणि बघतो तर केबिनमध्ये टेबलासमोर एक बाई उभ्या. कुणी बसा म्हटलेलं दिसत नव्हतं. डोळे कोरडे, जबडा आवळलेला. रडून झालंय की रडायचं नाही असं ठरवलंय, ते कळत नव्हतं.

"मी मोजलेत सर," त्या म्हणाल्या. "प्रत्येक लॉट मोजलाय. कधीपासून हेच सांगायलेय."

"मग दाखवा."

दाखवायला काही नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं होतं.

आता मी कोण ते सांगतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या कंपन्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क आणि सर्व्हर मी सांभाळतो. त्याला एएमसी म्हणतात, वर्षाचा करार. मोठ्या कंपन्यांत आयटी डिपार्टमेंट असतं, माझ्या कस्टमरांकडे मी असतो. प्रिंटर अडकला तरी मी, इंटरनेट गेलं तरी मी, आणि साहेबांच्या मुलाला कोणता लॅपटॉप घ्यावा हे विचारायलाही मीच. इनामदार सरांची ही कंपनी माझ्याकडे नुकतीच आली होती. आधीचा एएमसीवाला दुबईला गेला, म्हणून मी.

कंपनी गिअरबॉक्सची हाउसिंग बनवते. बेअरिंग ज्या घरात बसतं ते अ‍ॅल्युमिनियमचं घर म्हणजे हाउसिंग. त्यातलं भोक, म्हणजे बोअर, जरा सैल झाला तर गिअरबॉक्स आवाज करतो, जरा घट्ट झाला तर बेअरिंग बसत नाही. म्हणून प्रत्येक लॉटमधले पार्ट सीएमएमवर मोजायचे. सीएमएम म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावरचं एक मोजमापाचं मशीन. वरून एक सळई खाली येते, टोकाला माणकाचा बारीकसा मणी असतो. तो पार्टला ठिकठिकाणी टेकतो आणि कॉम्प्युटर सांगतो की भोक बरोबर आहे की नाही. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक फरक त्याला कळतो.

हे मशीन चालवणाऱ्या त्या बाई, म्हणजे वैशालीताई. मूळच्या लातूरकडच्या. नवरा दुसऱ्या कंपनीत शिफ्टला, एक मुलगी शाळेत, मेदनकरवाडीत दोन खोल्या. कॉन्ट्रॅक्टवर लागल्या होत्या आणि परमनंट करायचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडला होता. ते मला नंतर कळलं, पण त्या दिवशी तो कागद सगळ्यांच्याच डोक्यात होता.

झालं असं होतं की कंपनीच्या गिअरबॉक्सवाल्या कस्टमरकडून मेल आली होती. एका गिअरबॉक्समधून आवाज येतोय, त्यातलं हाउसिंग तुमच्या अमुक लॉटमधलं आहे, बोअरचे रिपोर्ट दाखवा. त्यांची माणसं त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर येणार होती. सरांनी सर्व्हरवर फोल्डर उघडला. दसऱ्याच्या आधीचे रिपोर्ट आहेत, नंतरचेही आहेत. मधले दहा-बारा दिवस मात्र साफ कोरे. आणि कस्टमरला हवा असलेला लॉट नेमका त्यातलाच.

पार्ट पुन्हा मोजावेत तर ते कधीच गाड्यांमध्ये बसून रस्त्यावर गेले होते. कागदावर प्रिंट? ती सरांनीच कागद वाचवा म्हणून बंद केली होती. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, रिपोर्ट ठेवायचे असतात, वाचायचे थोडेच असतात? कस्टमरने मागितल्याशिवाय त्या फोल्डरकडे कुणी ढुंकून बघत नाही. ही एकट्या या कंपनीची गोष्ट नाही, माझ्या निम्म्या कस्टमरांची आहे.

मी सर्व्हरवर बसलो. डिलीट झालेल्या फाइली काही ना काही खूण सोडतात. शिवाय या सर्व्हरचा रोज बॅकअप होतो, म्हणजे दिवसाच्या शेवटी जे असेल त्याची दुसरीकडे नक्कल. त्या दिवसांचे बॅकअप एकेक करून उघडले. रिपोर्टच्या फोल्डरात त्या तारखांचं काहीच नाही. एकही फाइल नाही.

"डिलीट झालेल्या नाहीत सर," मी म्हणालो. "इथे कधी आल्याच नाहीत."

बोलून गेलो आणि लगेच माझी जीभ मला जड वाटली. मी खरं तेच सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ सरांनी हवा तसा घेतला. त्यांनी वैशालीताईंकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. परमनंट राहिलं बाजूला, न मोजता ओकेचा टॅग लावला असं एकदा नावावर लागलं की या पट्ट्यात दुसरीकडेही क्वालिटीत कुणी उभं करत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे ना सर?" मी विचारलं. "मला सीएमएमचा कॉम्प्युटर बघू द्या."

"तो तुमच्या एएमसीत नाही."

"नसू दे. बघतो तर खरं."

सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बघा. माझीही काही बाईंना घालवायची हौस नाहीये." हे त्यांनी म्हटलं त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. चिडलेला माणूस एरवी तेवढंही म्हणत नाही.

सीएमएम रूम म्हणजे कंपनीतली सगळ्यात सुखाची जागा. एसी, धूळ नाही, चपला बाहेर. मशीन जुनं, सेकंडहँड घेतलेलं, त्यामुळे त्याचा कॉम्प्युटरही जुना आणि लिनक्सवर चालणारा. विंडोजला सरावलेली माणसं त्याला हात लावायला घाबरतात. मी फोल्डर बघितला. तिथेही तेच चित्र, मधले दिवस कोरे. मग मी कीबोर्ड बाजूला सारला आणि चहा मागवला. चहा आल्यावर वैशालीताईंना म्हटलं, "ताई, मला त्या दिवसांबद्दल काहीही सांगा. कामाचं, बिनकामाचं, जे आठवेल ते."

"काय सांगू सर? रोजच्यासारखंच. पार्ट लावायचा, मोजायचा, सेव्ह करायचा."

"सेव्ह झालेलं दिसायचं?"

"हो की. दुसऱ्या दिवशी मी स्वतः उघडून बघितलेत. आधीचा बोअर कितीत होता ते बघूनच मी पुढचा लावते. अन् आता तेच रिपोर्ट तिथे नाहीत म्हणायलेत सगळे. मला येडं लागायची पाळी आलीय."

"आणखी?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. "आणखी काही नाही. एकच, त्या दिवसांत कॉम्प्युटर लई पळत होता."

"पळत होता म्हणजे?"

"एरवी सेव्ह दाबलं की ते चक्र फिरत बसतंय. मी तोवर पुढचा पार्ट पुसून घेते. त्या दिवसांत दाबलं की झालं. मी तर सगळ्यांना म्हणले, खंडेनवमीला मनापासून पूजा केली, देवी पावली बघा. हार मीच घातला होता ना कॉम्प्युटरला."

"आणि मग?"

"मग झालं पुन्हा पहिल्यासारखं. बबनराव आले त्या दिवसापासून परत चक्र. मी त्यांना चिडवले पण, म्हणले तुमचा पायगुण."

माझा चहा कपातच राहिला. खरं सांगतो, या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण एखाद्याने सहज बोलता बोलता इतकी मोलाची गोष्ट माझ्या हातात ठेवल्याचं मला दुसरं आठवत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात मशीनची पूजा होते. मशीन धुवायचं-पुसायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि त्यासाठी ते बंद करायचं. चालू मशीनला कुंकू लावत नाहीत आणि त्या दिवशी त्याच्याकडून काम घेत नाहीत. वर्षभर ज्याला कुणी श्वास घेऊ देत नाही, त्याला तेवढी एक सुट्टी. एरवी यूपीएसवर अखंड चालणारा सीएमएमचा कॉम्प्युटरही त्या दिवशी बंद होतो. आणि बंद झालेला कॉम्प्युटर पुन्हा चालू होताना काय काय विसरतो, हे शोधणं हेच माझं पोट.

"बबनरावांना बोलवा," मी म्हटलं.

बबनराव म्हणजे मेंटेनन्सचे इनचार्ज. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या भावकीचा होता. कंपनीची पहिली वीट त्यांनी बघितलीय. पंख्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत काहीही अडलं की बबनराव. हात पुसत आत आले, दाराशी चप्पल काढली.

"बबनराव, हा कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तुम्ही काही करता का?"

"करतो की. चालू झाला की ती काळी खिडकी उघडायची अन् कमांड मारायची. त्या दुबईवाल्यानं शिकिवली. त्याबिगर रिपोर्ट हापिसात जात न्हाईत. मला मंत्रावानी पाठ हाय. अर्थ इचारू नका, त्यो न्हाई ठावं."

"दसऱ्यानंतर मारली होती?"

"व्हय, मारली. पण उशिरा. दसऱ्याच्या सांजच्याला आमचं चुलतं वारलं. सुतक पडलं. समदं उरकून मंग आलो. आल्या आल्या पहिलं काम त्येच केलं, इचारा ताईंना."

मी वैशालीताईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, पण यात काय विशेष हे त्यांना कळलं नव्हतं. बबनरावांनाही नाही. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

विंडोजमध्ये सर्व्हरवरचा फोल्डर आपल्याला झेड ड्राइव्ह वगैरे नावाने दिसतो. लिनक्समध्ये असे ड्राइव्ह नसतात. तिथे आपल्याच कॉम्प्युटरवर एक रिकामा फोल्डर करायचा आणि कमांड द्यायची, की बाबा रे, हा उघडला की याच्या जागी पलीकडच्या सर्व्हरवरचा तो शेअर्ड फोल्डर दाखव. याला माउंट करणं म्हणतात. कमांडमध्ये फार काही नसतं. माउंट हा शब्द, सर्व्हरवरच्या फोल्डरचा पत्ता, आपल्या फोल्डरचा पत्ता, आणि कोणत्या नावाने आत शिरायचं ते. एका ओळीचं काम.

पण ही ओळ हाताने दिली तर कॉम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी असेल तर एका ठरावीक फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते, मग दर वेळी चालू होताना कॉम्प्युटर ती स्वतः वाचतो. दुबईवाल्याने ते केलं नाही. त्याने ती ओळ बबनरावांच्या डोक्यात लिहिली आणि गेला.

आता गंमत बघा. खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद झाला, सुट्टीनंतर चालू झाला, बबनराव सुतकात. माउंट झालंच नाही. पण फोल्डर तर होता, रिकामा, तिथल्या तिथे. सॉफ्टवेअरला काय कळतंय? त्याने बिनतक्रार त्यातच रिपोर्ट टाकले. सर्व्हरपर्यंत जायचंच नव्हतं, म्हणून सेव्ह झटपट. देवी पावली ती अशी.

"मंग त्ये रिपोर्ट हितंच असतील की," बबनराव म्हणाले.

"असणार. पण तुम्ही आल्यावर कमांड मारलीत. म्हणजे काय झालं? समजा जमिनीवर सामान पडलंय आणि तुम्ही त्यावर सतरंजी अंथरलीत. सामान जात नाही कुठं. नुसतं दिसत नाही."

बबनरावांचा चेहरा पडला. "म्हंजे माज्यामुळं?"

"आधी बघू तर सामान आहे का," मी म्हटलं. आतून मलाही खात्री नव्हती. जुनी डिस्क, जुनं सॉफ्टवेअर. काहीही होऊ शकतं.

सतरंजी उचलायची कमांड म्हणजे यू-माउंट. अनमाउंट नव्हे. मधला एन कुणी खाल्ला देव जाणे, पण तो घातला तर कॉम्प्युटर ओळख दाखवत नाही. पण ती मारायच्या आधी मी इनामदार सरांना बोलावलं. दुसऱ्याच्या मशीनवर, कस्टमर यायच्या तोंडावर, मालकाच्या माघारी असली कामं करायची नसतात.

सरांनी सगळं ऐकलं. "आणि आत्ता जे दिसतंय, तेही गेलं तर?"

"ते सर्व्हरवर आहे सर. त्याला धक्का लागत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मारा मग."

मी मारली. उत्तर आलं, फोल्डर वापरात आहे. म्हणजे कुणीतरी सतरंजीवर बसलेलं होतं. बघितलं तर सीएमएमवर ताईंनी मघाशी लावलेल्या एका पार्टचं मोजणं चालूच होतं, सॉफ्टवेअर उघडं.

"बंद करा ते," सर म्हणाले.

"नाही सर," वैशालीताई म्हणाल्या. "अर्ध्यात तोडलं तर पार्ट पुन्हा पहिल्यापासून लावावा लागंल. शेवटचाच बोअर राहिलाय. होऊ द्या."

नोकरी जायला आलेली बाई, आणि तिला शेवटच्या बोअरची काळजी. सरांनी हाताची घडी घातली. आम्ही चौघं त्या माणकाच्या मण्याकडे बघत उभे राहिलो. तो सावकाश खाली जायचा, टेकायचा, वर यायचा. शेवटी एकदाचा रिपोर्ट सेव्ह झाला, चक्र फिरून थांबलं, ताईंनी सॉफ्टवेअर बंद केलं.

मी पुन्हा कमांड मारली. या वेळी काहीच उत्तर आलं नाही. लिनक्समध्ये उत्तर न येणं म्हणजे काम झालं. मग फोल्डरात काय आहे ते दाखव, असं विचारलं.

पडद्यावर नावांची रांग खालून वर सरकत गेली. दसऱ्यानंतरचा पहिला दिवस, दुसरा, तिसरा. सगळे लॉट. कस्टमरला हवा असलेलाही.

"हे माझे आहेत," वैशालीताई म्हणाल्या, आणि आता मात्र त्या रडल्या. बबनरावांनी तोंड फिरवून खिशातला रुमाल शोधायला घेतला. माझाही जीव भांड्यात पडला. मी आधी त्या सगळ्या फाइली दुसरीकडे कॉपी केल्या आणि मगच श्वास सोडला.

सरांनी तो लॉट उघडून बघितला. बोअर सगळे मापात. हाउसिंगचा दोष नव्हताच. त्यांनी फाइल बंद केली. मग म्हणाले, "कस्टमरला काय सांगायचं? सर्व्हर डाउन होता म्हणू. हे सतरंजीचं त्यांना सांगत बसलो तर म्हणतील, यांच्याकडे रिपोर्ट एका माणसाच्या पाठांतरावर चालतात."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बबनरावांचं नाव बाहेर येऊ नये असं मलाही वाटत होतं.

जेवणानंतर कस्टमरची दोघं आली. त्यातले मोठे साहेब चष्म्याच्या वरून बघणारे, कमी बोलणारे. कॉन्फरन्स रूममध्ये रिपोर्ट दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले. मग विचारलं, "सकाळी आमच्या मेलला तुमचं उत्तर होतं की रिपोर्ट शोधतोय. आता एकदम सगळ्या दिवसांचे सापडले?"

"सर्व्हरचा थोडा इश्यू होता," सर म्हणाले.

"कसला इश्यू?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबच म्हणाले, "फाइलींच्या तारखा बदलता येतात, हे मलाही माहितीय. रागावू नका, पण आज सकाळी बसून हे तयार केले नाहीत कशावरून?"

खोली गार पडली. वैशालीताई भिंतीजवळ उभ्या होत्या, त्यांनी डोळेच मिटून घेतले. सकाळपासून त्यांच्यावर जे बालंट होतं ते हातभर लांब जाऊन पुन्हा दारात येऊन उभं राहिलं होतं. आणि या वेळी त्यात आम्ही सगळेच.

"साहेब, मी सांगतो," बबनराव म्हणाले. ते दाराशी प्रोजेक्टरची वायर लावायला म्हणून थांबले होते. "चूक माजी हाय. ताईंनी मोजलंय, मीच वर कमांड मारली. सुतकात व्हतो, उशिरा आलो. खाली काय हाय ते न बघता मारली. इस्वास नसंल तर चला, तुमच्यासमोर करून दावतो."

सरांनी काहीतरी म्हणायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

आम्ही सगळे सीएमएम रूममध्ये गेलो. चपला, बूट बाहेर. बबनराव खुर्चीत बसले, एका बोटाने एकेक अक्षर शोधत ती लांबलचक कमांड टाइप केली. एकही अक्षर न चुकता. फोल्डर उघडला. मधले दिवस कोरे. साहेबांनी स्वतः माउस घेऊन वरखाली करून बघितलं. मग मी यू-माउंट सांगितलं, बबनरावांनी ते टाइप केलं, फोल्डर पुन्हा उघडला. सगळे रिपोर्ट जागेवर.

"परत करा," साहेब म्हणाले.

बबनरावांनी परत केलं. फाइली गेल्या. परत काढलं. फाइली आल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असला घोळ कुणी सकाळी बसून रचत नाही. आमच्याकडे असं काही झालं असेल का, याचा मी आता विचार करतोय," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले. मग वैशालीताईंना त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, कोणत्या तापमानाला मोजता, मणी कधी तपासता. त्यांनी धडाधड उत्तरं दिली. साहेबांनी रिपोर्टवर सही केली. गिअरबॉक्सच्या आवाजाचं कारण पुढे दुसरीकडेच सापडलं, आमच्या हाउसिंगकडे कुणी बोट दाखवलं नाही.

बबनराव गप्प बसले असते तर? मी काहीतरी टेक्निकल बोलून वेळ मारून नेली असती, साहेब ऐकून घेऊन निघून गेले असते, आणि संशयाचं खापर शेवटी मोजणाऱ्या बाईवरच फुटलं असतं. मी त्यांना नंतर म्हटलंही, "बबनराव, तुमचे उपकार झाले राव." तर म्हणाले, "उपकार कसले? माजी पोरगी बी कंपनीत जाती."

संध्याकाळपर्यंत मी दोन कामं केली. ती ओळ कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये कायमची लिहिली. आणि खालच्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घातलं, म्हणजे माउंट झालेलं नसेल तर त्यात काही सेव्हच होणार नाही, कॉम्प्युटर तिथल्या तिथे बोंब मारेल. बोंब मारणारा कॉम्प्युटर परवडतो. निमूट काम करणाऱ्याची मला आता भीती वाटते. बबनराव मागे उभे राहून बघत होते. त्यांची कमांड आता कुणाला लागणार नव्हती. जरा हिरमुसले होते, पण म्हणाले, "बरं झालं. येक वज्जं उतरलं डोक्यावरचं."

निघताना सरांच्या केबिनमध्ये गेलो. वैशालीताई तिथेच होत्या, या वेळी खुर्चीत बसलेल्या. परमनंटचा कागद सही होऊन टेबलावर पडला होता. सर पेनाचं टोपण काढत-लावत होते. शेवटी म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला नको ते बोललो. फोल्डर कोरा होता, दुसरं काय समजणार मी?"

ताईंनी कागद उचलला, नीट घडी घातली. "राग नाही सर. पण तुम्ही फोल्डर चार वेळा उघडून बघितला. मला एकदा तरी विचारायचं होतं, की त्या दिवसांत काय काय झालं."

ते माझ्यासाठीही होतं. केबिनमधून मी आधी सर्व्हरवर गेलो होतो, त्यांच्याकडे नंतर.

तेव्हापासून कुठल्याही कंपनीत फाइल हरवली म्हणून फोन आला की मी लॅपटॉप बॅगेतच ठेवतो. ज्याची फाइल असेल त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसतो आणि चहा मागवतो. कमांड नंतर मारता येते.